गळ्याच्या नसांचं डॉपलर करून लकव्याचा धोका कळतो का? आण्णांच्या 30 टक्के ब्लॉकेजबद्दल

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. आण्णा 63 वर्षांचे, परभणीजवळच्या गावात राहतात, बीपी जुना, शुगर पण आहे, तंबाखू चालूच. त्यांना स्वतःला कधी काही झालेलं नाही, ना तोंड वाकडं ना हात लुळा. पण गल्लीतल्या एका माणसाच्या अंगावरून वारं गेलं आणि घरात सगळे घाबरले, तेवढ्यात मोबाइलवर 2,999 रुपयांचं पॅकेज आलं, त्यात गळ्याच्या नसांची सोनोग्राफी म्हणजे कॅरोटिड डॉपलर होतं, तुम्ही आण्णांना घेऊन गेलात आणि रिपोर्टात 'उजव्या बाजूला 30 टक्के प्लाक, आयएमटी (नसेच्या भिंतीची जाडी) 1.1' असं लिहून आलं. आता तुम्ही विचारताय की सीटी अँजिओ (नसेत डाय सोडून काढायचा सीटी स्कॅन) करायची का, हैदराबादला न्यायचं का, आणि तुमच्या धाकट्या भावाचं पण हे डॉपलर करून घ्यायचं का.

हैदराबादला नेऊ नका. सीटी अँजिओ नको. भावाचं डॉपलर पण नको. 30 टक्क्याला जगात कुठंच ऑपरेशन किंवा स्टेंट करत नाहीत. आता असं का ते सांगतो, आणि हेही सांगतो की मी स्वतः रेडिऑलॉजिस्ट आहे, इकडंच मराठवाड्यात बरीच वर्षं हेच डॉपलर करतोय, म्हणजे लोकांनी रांग लावली तर माझाच गल्ला भरतो, तरी म्हणतोय.

मानेत दोन्ही बाजूला कॅरोटिड नावाची मोठी रक्तवाहिनी असते, बोट ठेवलं की ठोके लागतात तीच. ती जबड्याच्या जरा खाली दोन फाट्यात विभागते, एक फाटा मेंदूला जातो, दुसरा चेहऱ्याकडं. बीपी, शुगर, तंबाखू आणि वय ह्यांनी जो चरबीचा, चुन्याचा थर जमतो, तो नेमका ह्या फाट्याच्या तोंडाशी जमतो कारण तिथं रक्ताचा प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो. ह्या थराला प्लाक म्हणायचं. प्लाक फुटला की त्यावर गुठळी बसते, गुठळीचा तुकडा सुटून वर मेंदूत जातो आणि अडकतो, असा तो लकवा. म्हणजे नस हळूहळू बंद होत गेली आणि एक दिवस रक्तच पोचलं नाही असं कमी वेळा होतं, तुकडा सुटणं हा जास्त मोठा भाग आहे. त्यामुळं टक्का एकटा सगळं सांगत नाही, पण नस उघडून हा थर काढायच्या ऑपरेशनचा निर्णय मात्र बराचसा टक्क्यावरच चालतो.

हा टक्का आम्ही काढतो कसा, ते कळलं की निम्मी भीती जाते. शेतात पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, तसंच नस अरुंद झाली की त्या जागी रक्ताचा वेग वाढतो, आणि डॉपलर तो वेग मोजतं. मेंदूकडच्या फाट्यात वेग सेकंदाला 125 सेंटीमीटरच्या आत असेल तर अडथळा 50 टक्क्यांपेक्षा कमी, 125 ते 230 असेल तर 50 ते 69, आणि 230 च्या वर गेला तर 70 किंवा जास्त. हे आकडे 2003 मध्ये अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्ट लोकांनी एकत्र बसून छापले, तेच आपण सगळीकडं वापरतो. आता गंमत बघा, 50 टक्क्यांच्या खाली वेग धड वाढतच नाही. मग 30 आणि 40 मधला फरक मशीन सांगत नाही, तो आमच्या डोळ्यांचा अंदाज असतो. आज मी 30 लिहीन, उद्या शेजारचा डॉक्टर 40 लिहील, आणि तुम्ही समजणार की दोन महिन्यात 10 टक्के वाढलं. म्हणून बरेच जण नुसतं '50 टक्क्यांपेक्षा कमी' एवढंच लिहितात आणि मला तेच बरोबर वाटतं.

अजून एक भानगड आहे जी रिपोर्ट वाचताना कुणाच्या लक्षात येत नाही. काही सेंटरवाले व्यासाच्या हिशोबाने टक्का देतात, काही क्षेत्रफळाच्या. नळी गोल असते, त्यामुळं व्यास 50 टक्के कमी झाला की क्षेत्रफळ 75 टक्के कमी होतं. म्हणजे तीच नस, तोच अडथळा, एका रिपोर्टात 50 आणि दुसऱ्यात 75, आणि 75 वाचून माणूस घाबरून पुण्याची गाडी बुक करतो. सगळे मोठे अभ्यास व्यासावर झालेत. रिपोर्टात वेग सेंटीमीटरमध्ये लिहिलेला नसेल, आणि टक्का व्यासाचा की क्षेत्रफळाचा हेही नसेल, तर तो रिपोर्ट अर्धवट समजा आणि सेंटरला सरळ फोन करून मागा, तुमचा हक्क आहे.

आणि तपासणी पाच मिनिटात उरकली असेल तर मी त्या रिपोर्टावर फार विश्वास ठेवत नाही. मान वळवून, दोन्ही बाजू, आडव्या उभ्या, रंग टाकून, मग वेग मोजायचा तर बीमचा कोन 60 अंशाच्या आत ठेवायचा, कोन थोडा बिघडला की वेग खोटा येतो. नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात. शिवाय बीपीवाल्या म्हाताऱ्या माणसाची नस वळणावळणाची झालेली असते तिथं अडथळा नसताना वेग जास्त दिसतो, एका बाजूची नस पूर्ण बंद असेल तर दुसऱ्या बाजूला रक्त जास्त जातं आणि तिथंही वेग वाढलेला दिसतो, हृदयाचे ठोके अनियमित असले तर प्रत्येक ठोक्याला वेगळा आकडा. रक्त कमी असलेल्या बाईचा वेग पण वाढलेला निघतो आणि आपल्याकडं रक्त कमी असलेल्या बायका किती ते काय सांगायचं.

ह्याच्यावरून स्क्रीनिंगचा हिशोब मांडतो, जरा ध्यान देऊन वाचा. काहीही त्रास नसलेली 1000 माणसं घेतली तर त्यात खरोखर मोठा अडथळा असलेली साधारण 10 निघतील, एक टक्का धरू. डॉपलर तपासणी 100 पैकी 94 खरे रुग्ण पकडते आणि 100 निरोग्यांपैकी 92 जणांना बरोबर निरोगी सांगते, असे आकडे अमेरिकेच्या सरकारी टास्क फोर्सने स्क्रीनिंगचा हिशोब करताना धरले होते. तर त्या 10 पैकी 9 सापडले. पण उरलेल्या 990 निरोगी माणसांपैकी 8 टक्के, म्हणजे 79 जणांना उगाच 'तुमच्या नसेत अडथळा आहे' असं सांगितलं जाणार. एका खऱ्यामागं जवळजवळ नऊ खोटे. त्या 79 जणांचं पुढं काय होतं? सीटी अँजिओ, तिच्यात डाय टाकायचा, शुगरवाल्याच्या किडनीवर त्याचा ताण, त्यात एखाद्याला उगाच पुढं ऑपरेशनपर्यंत ढकललं जातं, आणि ह्या ऑपरेशनची गंमत अशी की ज्या लकव्यापासून वाचायचं तोच लकवा टेबलावर होण्याची शक्यता असते. म्हणूनच त्या टास्क फोर्सने 2007 ला सांगितलं, 2014 ला सांगितलं, 2021 ला परत सांगितलं की लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण माणसाची ही तपासणी करू नका. 'केली तरी चालेल' असं नाही, करू नका.

तुम्ही म्हणाल ठीक आहे, पण त्या 9 खऱ्या माणसांना तर फायदा झाला ना. झाला, पण किती ते बघा. 1995 च्या एका मोठ्या अभ्यासात 60 टक्के किंवा जास्त अडथळा, पण लक्षणं नाहीत, अशा लोकांत नुसत्या औषधांवर पाच वर्षांत 100 पैकी 11 जणांना लकव्याचा झटका येईल असा हिशोब निघाला आणि ऑपरेशन केलेल्यांत 5 जणांना. म्हणजे 100 जणांचा गळा उघडला तेव्हा पाच वर्षांत 6 जण वाचले. त्या काळी औषध म्हणजे मुख्यतः अस्पिरिनच, आजच्यासारखी कोलेस्टेरॉलची गोळी सगळ्यांना देत नव्हते. आज चांगली औषधं घेणाऱ्याचा धोका वर्षाला एका टक्क्याच्या आसपास आलाय. 2025 च्या शेवटी क्रेस्ट-2 नावाच्या अभ्यासाचे निकाल आले, त्यात 70 टक्क्यांच्या वरच्या पण लक्षणं नसलेल्या रुग्णांत स्टेंट टाकलेल्यांना नुसत्या औषधांपेक्षा थोडा फायदा दिसला, उघड्या ऑपरेशनचा फायदा मात्र ठोसपणे सिद्ध झाला नाही. पण ते स्टेंट निवडून घेतलेल्या, हात बसलेल्या डॉक्टरांनी टाकले होते, आणि ते सगळे रुग्ण 70 टक्क्यांच्या वरचे होते. आण्णा त्या दारातसुद्धा पोचलेले नाहीत.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते कारण इथं आपल्याकडं माणसं जातात.

हीच तपासणी, हेच मशीन, पण माणूस वेगळा. सकाळी चहा पिताना कप हातातून निसटला, बोलताना शब्द अडखळले, दहा-पंधरा मिनिटांत सगळं परत नीट. घरचे म्हणतात, "काही नाही, हात अवघडला असन," आणि माणूस शेतात जातो. किंवा एका डोळ्यासमोर पडदा उतरल्यासारखं अंधारलं आणि थोड्या वेळात साफ. ह्याला आम्ही टीआयए म्हणतो, लोक मिनी-स्ट्रोक म्हणतात. हा इशारा आहे आणि पुढचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. ह्या माणसाचं डॉपलर त्याच दिवशी व्हायला पाहिजे, पुढच्या सोमवारी नाही. कारण ह्याच्या नसेत 70 टक्क्यांच्या वर अडथळा निघाला तर हिशोबच बदलतो, 1991 च्या अभ्यासात अशा लोकांना नुसत्या औषधांवर दोन वर्षांत 100 पैकी 26 जणांना त्याच बाजूचा स्ट्रोक आला, ऑपरेशन केलेल्यांत 9 जणांना. हा फरक इतका मोठा होता की त्या गटापुरता अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आणि हे ऑपरेशन दोन आठवड्यांच्या आत झालं तर खरा फायदा, तीन महिने कागद गोळा करत बसलं तर फायदा बराच ओसरतो.

आमच्याकडं मात्र उलटं चालतं. ज्याला काही नाही तो पॅकेज करून येतो आणि ज्याचा हात दहा मिनिटं गळाला होता तो येतच नाही, आला तर महिन्यानं, तेही दुसऱ्याच कशासाठी आणि सहज बोलता बोलता सांगतो.

आणि लक्षण गेलंच नाही, तोंड वाकडं तसंच आहे, हात उचलत नाही, बोलणं कळत नाही, तर डॉपलरचा विचारच करू नका. 108 ला फोन, आणि जिथं सीटी स्कॅन आहे तिथं थेट, मधल्या दवाखान्यांत सलाइन लावून वेळ घालवायचा नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि त्याआधी सीटी करून रक्तस्राव नाही ना ते बघावं लागतं, म्हणून घरी अस्पिरिन चघळायला देऊ नका, बीपीची गोळी जिभेखाली फोडू नका, पाणी पाजू नका, ठसका लागून छातीत जातं. शेवटचं नीट कधी बघितलं होतं ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारणार. लकव्याचं औषध देणाऱ्या कुठल्यातरी गावाकडं गाडी वळवली की ते साडेचार तास संपले म्हणून समजा, हे मी दर पावसाळ्या-उन्हाळ्यात बघतो आणि दरवेळी तितकाच राग येतो.

बरं, लक्षणं नसतानाही डॉपलर कुणाचं करावं असं विचाराल तर थोडे लोक आहेत. डॉक्टरने स्टेथोस्कोप मानेला लावला आणि घरघर आवाज आला. बायपास ठरलीय आणि वय जास्त किंवा पायाच्या नसा पण बंद आहेत. आणि एक गट ज्याच्याकडं आपल्याकडं कुणाचंच लक्ष जात नाही, तोंडाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन घेतलेले. तंबाखू-गुटख्यामुळं असे रुग्ण इकडं घरोघर आहेत, ते कॅन्सरमधून वाचतात आणि काही वर्षांनी रेडिएशनमुळं गळ्याच्या नसा अरुंद होऊ लागतात. अशांनी डॉक्टरला विचारून तपासणी करून घ्यावी. तरुण बाई आहे, एका हाताची नाडी लागत नाही किंवा दोन हातांच्या बीपीत मोठा फरक आहे, तर ताकायासू नावाच्या, मोठ्या नसांना सूज येणाऱ्या आजारासाठी बघावं लागतं. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेणाऱ्या पोरांना हात जोडून सांगतो, ते बंद करा, त्या झटक्यानं नसेचा आतला पापुद्रा फाटतो आणि तरुणपणी स्ट्रोक येतो, दुर्मिळ आहे पण खरं आहे. मान मोडल्यावर एका बाजूला मान दुखते, डोकं दुखतं, पापणी खाली येते, असं झालं तर लगेच दाखवा.

चक्कर येते म्हणून डॉपलर, हा अजून एक प्रकार. नुसती गरगर, किंवा उभं राहिल्यावर डोळ्यापुढं अंधारी येऊन पडणं, ह्याचं कारण कॅरोटिडमध्ये क्वचितच सापडतं, तरी चिठ्ठ्या येत राहतात आणि आम्ही करत राहतो.

शिबिरांबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात गावात मंगल कार्यालयात अशीच तपासणी लागणार आहे. सोनोग्राफी मशीन असं उचलून गावात नेता येत नाही. गर्भलिंग तपासणीविरोधी कायद्याखाली प्रत्येक मशीनची जागा नोंदवलेली असते, पोर्टेबल मशीन नोंदणीच्या जागेच्या आत किंवा नोंदणी झालेल्या फिरत्या वैद्यकीय युनिटमध्येच वापरता येतं, मग तपासणी गळ्याची का असेना. आपल्याकडं हे कडक असायचं कारण सगळ्यांना माहीत आहे, 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात 0 ते 6 वयात हजार मुलांमागं 807 मुली होत्या. त्यामुळं शिबिरवाल्यांना नोंदणीचा कागद विचारा, कुणाला राग आला तर येऊ द्या.

आता आण्णांकडं येतो. गळ्याची नस बघून लकव्याचा सगळा धोका कळतो हा समजच चुकीचा आहे, कारण एकूण लकव्यांतला थोडाच भाग गळ्याच्या अडथळ्यामुळं होतो. बीपीमुळं मेंदूच्या आतल्या बारीक नसा बंद होतात, त्या ह्या डॉपलरला दिसत नाहीत. कवटीच्या आतल्या मोठ्या नसांतला अडथळा आपल्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त असतो, तोही दिसत नाही. मेंदूत रक्तस्राव होऊन येणारा लकवा, त्याचा तर गळ्याशी संबंधच नाही. हृदयाची लय बिघडून तिथं गुठळी तयार होते आणि वर जाते, ती बिघडलेली लय एका ईसीजीत सापडू शकते, आणि लहानपणी सांधेतापाने झडप खराब झालेल्या बायकांत हे कमी वयातही होतं. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आला असता तर तो जास्त धोक्याचा ठरला असता, आण्णा म्हणाले असते, "नसा साफ हायेत, आता गोळी कशाला?"

ती गोळीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तुम्ही लिहिलंय की बीपी 130 वर आला की ते गोळी बंद करतात, परत चक्कर आली की चालू करतात. बीपी नॉर्मल आलाय तो गोळीमुळं आलाय, गोळी बंद केली की तो परत चढणारच, आणि "गोळीची सवय लागते" हे कुणी सांगितलं असेल त्याला मला भेटायला पाठवा. घरी हातावर लावायचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. तंबाखू आणि चहानंतर अर्धा तास थांबून, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकवून, हात टेबलावर ठेवून दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं, बहुतेक दिवस 130/80 च्या खाली पाहिजे. शुगर आहे आणि वय 40 च्या पुढं म्हणजे कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी बहुधा लागणारच, कोलेस्टेरॉलचा आकडा नॉर्मल असला तरी, आणि प्लाक दिसल्यावर तर डॉक्टरशी हे नक्की बोला. अस्पिरिन मात्र मेडिकलमधून स्वतःच्या मनानं चालू करू नका, लक्षणं नसलेल्या माणसात पोटातून आणि मेंदूत रक्तस्रावाचा धोका असतो, ते फिजिशियनने ठरवायचं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड तिन्ही एका ताटात नको, एक काहीतरी घ्या. तंबाखूचं काय ते तुम्हाला माहीतच आहे, एकदम सुटत नसेल तर जिल्हा रुग्णालयात समुपदेशन असतं, तिथं न्या.

आयएमटी 1.1 कडं लक्ष देऊ नका. ती नसेच्या भिंतीची जाडी आहे, वयाप्रमाणं वाढतेच, आणि अमेरिकेच्या हृदयरोग संघटनांनी 2013 मध्येच सांगितलं की धोका ठरवायला ती नेहमीच्या वापरात मोजू नका.

डॉपलर परत कधी? 50 च्या आत असेल तर ठरावीक तारीख नाही, फिजिशियनला वाटलं तर वर्ष-दोन वर्षांनी एकदा, त्याच सेंटरला, जुना रिपोर्ट सोबत घेऊन, आणि वेगाच्या आकड्याशी तुलना करायची, टक्क्याशी नाही. मधे वर सांगितलेलं एखादं लक्षण आलं, दोन मिनिटांचं का असेना, तर त्याच दिवशी. भावाचं वय तुम्ही 38 लिहिलंय, त्याचा बीपी, उपाशीपोटी शुगर आणि कोलेस्टेरॉल बघा, तिन्ही मिळून ह्या पॅकेजपेक्षा स्वस्तात होतात, आणि तो पण तंबाखू खातो का ते तुम्ही लिहिलंच नाही.